आतून मोजणारे सतरा

माझी सून माझ्यापेक्षा हुशार आहे, हे ती घरात आली त्याच आठवड्यात मला कळलं होतं. तोंडाने मात्र मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहितेय, तेही अर्ध्या मनाने.

आमचा कुलपांचा कारखाना. दाराची कुलपं, कड्या, बिजागऱ्या, मुठी. नवऱ्याने आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला, तो यंत्रावर आणि मी दारातल्या टेबलावर. शाळेत मी चार वर्षं गेले, त्यातलं एक गोवराने खाल्लं आणि एक धाकट्या भावाने. पण कुठलं गिऱ्हाईक काय मागतं आणि त्याला खरं काय हवं असतं, ते मला कधी वहीत बघावं लागलं नाही. नवरा गेला, शेडच्या जागी तीन मजले आले, मुलगा साहेब झाला. तरी कुठे अडलं की माणसं म्हणायची, "बाईंना विचारा."

बाई म्हणजे मी. सून कामावर यायला लागली तशी मी "मोठ्या बाई" झाले. ऐकणाऱ्याला वाटतं मान वाढला. वाढला कसला! नुसतं "बाई" म्हटलं की आता सगळ्या माना तिच्याकडे वळतात.

तिने काय केलं ते सांगते. मला समजलं तसं सांगते, कारण तिने सांगितलं तसं ते फार चांगलं समजतं आणि मला त्याचाच राग येतो.

आमच्याकडे एक मोठं सॉफ्टवेअर आहे. ऑर्डर, माल, पाठवणी, बिलं, सगळं त्यात. बनवणारी कंपनी बाहेरची. ती कंपनी कामाचे पैसे घेत नाही, माणसांचे घेते. जो जो ते उघडणार त्याची एक किल्ली, आणि दर किल्लीचे दर वर्षाला पैसे, मग तुम्ही ती रोज फिरवा नाहीतर खिशात गंजू द्या. आमच्या अडतीस किल्ल्या होत्या. दर वर्षी कंपनीचा सेल्समन यायचा, चकचकीत डायरी द्यायचा आणि भाव वाढवून जायचा.

सुनेने तीन आठवडे नुसतं पाहिलं, कोण उघडतं, किती वेळ, कशासाठी. मग सगळ्यांना वरच्या खोलीत बसवून भिंतीवर यादी लावली. अडतीसातली अकरा माणसं खरं काम करत होती. बाकीची सत्तावीस एकतर चिठ्ठीवरचं बघून पडद्यावर उतरवायची, नाहीतर एखादी गोष्ट शिल्लक आहे का एवढं बघायची. ती म्हणाली, "एवढं काम एआय करेल. चिठ्ठीचा फोटो वाचेल, आत भरेल. स्टोअरवाल्यांनी फोनवर आपल्या बोलीत विचारायचं, ते उत्तर देईल. मी माणसं कमी करत नाहीये, किल्ल्या कमी करतेय." अडतीसच्या अकरा. खर्च तिसऱ्या हिश्शावर. जुना करार चार आठवड्यांनी एका शुक्रवारी संपत होता, त्याच दिवशी नवा करायचा होता.

माझा मुलगा तिच्याकडे असा बघत होता की लग्नातसुद्धा एवढं बघितलं नव्हतं. कधीकाळी तो माझ्याकडे तसं बघायचा. मी एका हातात कुलूप घेऊन, डोळे मिटून, नुसत्या वजनावरून आतली स्प्रिंग बसली की नाही ते सांगायचे तेव्हा.

त्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे शेवटचं कधी उघडलं ते लिहिलं होतं. सुनेने एक ओळ पटकन वर सरकवली, पण स्वतःचं नाव लांबूनही ओळखण्याइतपत मला वाचता येतं. मोठ्या बाई. कधीच नाही.

मागे कुणीतरी खोकलं. ते खोकणं कशासाठी असतं ते मला कळतं.

माझ्या नावाची किल्ली मुलानेच विकत घेतली होती, नऊ वर्षांपूर्वी. "तुमच्याशिवाय कसं," असं तो सेल्समन म्हणाला होता. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर मी चष्म्याची पेटी ठेवते, ते खरं. पण किल्ली होती. असणं आणि वापरणं ह्यात फरक आहे. सोन्याच्या बांगड्या काय बाई रोज घालते का?

घरी जेवताना सून म्हणाली, "आई, तुमची किल्ली राहू दे असं मला वाटतं. मानाची म्हणून."

"मानाची? फ्रेम करून भिंतीवर लावू का? काढ की! कुलपाच्या कारखान्यात राहून मला काय किल्ल्यांचा तुटवडा आहे?"

"आई, अगं—" मुलगा म्हणाला.

"तू जेव."

"बरं," सून म्हणाली. "कराराच्या शुक्रवारपर्यंत तशीच ठेवते. तुम्ही सांगाल तसं."

ती दुसऱ्यांदा "राहू दे" म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिले. म्हणाली नाही. तिची हीच खोड मला सोसत नाही. माणसाचं बोलणं ती खरं धरते.

मग तिने त्या एआयला, म्हणजे आमच्या भाषेत मशीनला, शिकवायला घेतलं. एकेकाला बोलवायची, शेजारी बसवायची, "तुमच्या कामातली जी गोष्ट कागदावर नाही ती सांगा" म्हणायची. स्टोअरवाल्याने सांगितलं की आमच्याकडे मोठ्या पितळी मुठीला सगळे हत्ती म्हणतात. टाचणीनेही सांगितलं. टाचणी म्हणजे आमचा जुना कारकून, काडीसारखा, शर्टाच्या खिशाला ओळीने टाचण्या खोचलेल्या, म्हणून ते नाव. तो आठ गोष्टी सांगून आला आणि दिवसभर असा वावरला जसं काही त्याचा पुतळा उभारणार आहेत.

"तुमचं काही, आई?" सुनेने विचारलं.

"माझं काय असणार? मी कधीच नाही."

ती म्हणाली, "सुचलं तर सांगा."

दोन आठवड्यांत माझं टेबल ओसाड पडलं. आधी स्टोअरवाला खालून चालत यायचा, पाणी प्यायचा, विचारायचा, "बाई, हत्ती किती असतील?" मी न बघता सांगायचे, मग त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे. आता तो फोनला विचारतो. पहिल्या दिवशी मला वाटलं कामात असेल. तिसऱ्या दिवशी मी मोजलं. सकाळपासून माझ्याकडे चार माणसं आली, त्यातली दोन पंख्याचं बटण कुठलं ते विचारायला.

आणि मशीनने उत्तर दिलं की हे लोक त्याला थँक्यू म्हणतात. मला चाळीस वर्षांत कुणी थँक्यू म्हटलं नाही. घरच्या माणसाला कोण म्हणतं, अशी समजूत मी घालत होते. पण त्या डबड्याला म्हणतात!

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. ती नीट सांगते.

आमचं कुलूप जुन्या घडणीचं, त्याची जीभ एका बाजूने तिरकी. डाव्या दाराचं उजव्या दाराला बसत नाही, दार लागतच नाही. आता दार डावं की उजवं, हे बाहेर उभं राहून ठरवायचं अशी धंद्यातली रीत. पण काही गिऱ्हाइकं आतून मोजतात. आतून मोजलं की डाव्याचं उजवं होतं. ते चिठ्ठीत डावं लिहितात आणि त्यांना हवं असतं उजवं. अशी सतरा गिऱ्हाइकं आहेत. कोण, ते मला माहीत. मी दारात बसते, चिठ्ठी माझ्या हातात येते. पूर्वी लिहायला मला वेळ लागायचा, घडी घालायला लागायचा नाही, म्हणून मी अशा चिठ्ठीचा खालचा डावा कोपरा दुमडायचे. टाचणी दुमडलेली चिठ्ठी आधी माझ्याकडे आणायचा. "बाई, घडीची आहे." मी म्हणायचे "उलट," आणि तो उलटं भरायचा. का उलट, ते त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तीस वर्षं हे असंच चाललं.

नव्या पद्धतीत चिठ्ठ्या एका ट्रेमधून फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये जातात. दुमडलेला कागद आत अडकतो. म्हणून टाचणी पट्टी घेऊन बसायचा आणि कोपरे सपाट करायचा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले. पण ती चिठ्ठी बिजागऱ्यांची होती, मी सवयीने दुमडलेली, त्यात डावं-उजवं नसतं. चाललं. मग हॉस्पिटलच्या ठेकेदाराची चिठ्ठी आली. नवी इमारत, दोनशे दारं. एकशेचाळीस डावी, साठ उजवी. हा ठेकेदार आधी रंगारी होता. खोलीत शिरून, दार लावून, आतून रंगवत आयुष्य गेलं. त्याला दाराची बाहेरची बाजू असते हेच ठाऊक नाही. मी कोपरा दुमडला. टाचणीने माझ्यासमोर ती उचलली, पट्टीने दाबली, दोनदा फिरवली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"टाचणी," मी म्हटलं.

"काय, बाई?"

त्याच्या मागे काचेतून सून दिसत होती. दोघेतिघे तिच्याभोवती उभे, काहीतरी विचारत होते, आणि ती हसत होती.

"काही नाही. पंखा कमी कर."

त्याला वाटलं असणार, बाईंनी घडीचं मशीनला सांगितलंच असेल, सगळ्यांनीच सांगितलंय. दुसरं कुणीही असतं तर हेच समजलं असतं.

संध्याकाळी सून टेबलाशी आली. हातात त्या चिठ्ठीचा छापलेला फोटो. सपाट केली तरी कोपऱ्यावर करडी रेघ उठली होती.

"आई, ही रेघ बऱ्याच जुन्या चिठ्ठ्यांवर दिसते. नेहमी ह्याच कोपऱ्यावर. ह्याचा काही अर्थ आहे का?"

बघा हं. तीस वर्षं टाचणीला प्रश्न पडला नाही, मुलाला पडला नाही, आणि हिला तीन आठवड्यांत रेघ दिसली. मला एवढा मत्सर वाटला की तोंड कडू झालं. हे सांगितलं की संपलं. मग दारातल्या टेबलावर मी असले काय आणि फुलदाणी असली काय.

"कागद आहे," मी म्हटलं. "घडी पडायचीच."

"नक्की ना?"

"आता कागदाच्या सुरकुत्यापण मोजणार का? माझ्या तोंडावरच्या मोज, जास्त भरतील."

ती हसली, आणि बोलणं खरं धरून गेली.

दोन दिवसांनी टेम्पो भरत होता. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत डावं, डावं, डावं. मी दारातून बघत होते. एक शब्द बोलले असते तर टेम्पो थांबला असता. मी चष्मा काढला आणि पुसत बसले. टेम्पो वळून दिसेनासा झाला तोवर पुसत होते.

फोन आला कराराच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी. ठेकेदाराचा आवाज मुलाच्या फोनमधून माझ्या टेबलापर्यंत येत होता. होती ती कुलपं अदलाबदल करून बसवली, तरी ऐंशी दारं लागत नाहीत. उद्घाटन सोमवारी. रोगी झोपणार आणि दारं वाऱ्यावर हलणार का? मुलगा मधल्या खोलीत आला, सगळ्यांच्या देखत, आणि असा ओरडला की मला त्याचे वडील आठवले.

"बंद करा हे! आत्ताच्या आत्ता! उद्या अडतीसच्या अडतीस किल्ल्या पुन्हा घेतो. पैसे वाचवायला निघालो आणि नाक कापून घेतलं!" मग बायकोकडे वळला. "तुला कळत नव्हतं तर माणसांना विचारायचं होतंस!"

हेच मला हवं होतं. लिहायला लाज वाटते, पण हेच. मी खुर्चीत ताठ बसले.

सून उभी होती. चेहरा पांढरा. तिच्या हातातल्या कागदांत तो फोटो होता, करड्या रेघेचा. मी ओळखला. आता ती बोलणार, म्हणणार, मी आईंना विचारलं होतं.

ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी अजून विचारायला हवं होतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल मला भरून आलं. छे! माझ्या अंगाची आग झाली. हुशारी तिची, नवरा तिचा, माणसं तिची, "बाई" तिची. आता मोठेपणापण तीच घेणार? ह्या घरात मोठेपणा माझ्याकडे होता. तिने पदरात झाकून घ्यावं आणि मी जन्मभर त्या पदराखाली बसावं? ते मला मरेपर्यंत जमणार नाही.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं.

सगळे वळले.

"तिने विचारलं होतं. हा कागद घेऊन, इथे, ह्या टेबलाशी. मी सांगितलं नाही. टेम्पो भरताना बघितलं, तेव्हाही सांगितलं नाही. ठेकेदार आतून मोजतो. मला माहीत होतं."

टाचणीच्या हातातली पट्टी पडली. "बाई, मला वाटलं तुम्ही मशीनला—"

"तुला वाटलं ते बरोबरच. माझंच चुकलं."

"आई," मुलगा म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहिणार नाही.

"आ वासून उभा राहू नकोस. तो फोन दे."

ठेकेदाराशी मी स्वतः बोलले. "काय रे, पुन्हा आतून मोजलंस ना?"

"बाई, दाराची कडी आतूनच लावतात ना! मग बाहेरून का मोजायचं?"

"सोमवारच्या आत ऐंशी उजवी पोचतील. ऐंशी डावी परत पाठव. आणि ओरडायचं तर माझ्यावर ओरड, माझ्या पोरावर नको."

"तुमच्यावर कोण ओरडणार?" तो म्हणाला. ऐकायला बरं वाटलं. त्या दिवशी दुसरं काहीच बरं वाटलं नाही.

खाली यंत्रं चालू झाली. दुपारी मी सुनेच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच गेले. तिने खुर्ची सरकवली, एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

"कसं सांगायचं ह्याला?"

"बोला नुसतं. आम्हाला सांगता तसं."

मी बोलले. सतराच्या सतरा. कोण रंगारी होता, कोण डावखुरा, कुणाला त्याच्या सासऱ्याने तसं शिकवलं. मशीनने सगळं पडद्यावर लिहिलं आणि विचारलं, ह्या सतरा जणांची प्रत्येक ऑर्डर उलटी करू का?

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "अगं, ह्याला सांग. त्यातल्या एकाचा जावई आता चिठ्ठी लिहितो, तो बाहेरून मोजतो. अक्षर बघायचं. तिरकं असलं की जावई. आणि शंका आली तर उलट करू नकोस म्हणावं, विचार. मला."

सून लिहायची थांबली. "विचारायला किल्ली लागत नाही, आई. तुमच्या फोनवर निरोप येईल. तुम्ही उलट किंवा सरळ म्हणायचं, बस."

"म्हणजे टाचणी यायचा तसंच."

"तसंच. फक्त पाणी पिणार नाही."

मला हसू आलं. मी ते गिळलं. तिने बघितलं असणार, तिला रेघा दिसतात.

शुक्रवारी सेल्समन आला, डायरी घेऊन. मुलाने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. अकरा किल्ल्या ठेवायच्या, सत्तावीस बंद. पडद्यावर एकेक नाव येत होतं आणि सून बटण दाबत होती. माझं आलं तशी ती थांबली.

"सरक बाजूला," मी सुनेला म्हटलं, आणि माऊस हातात घेतला. बाण इकडेतिकडे पळाला, सेल्समनने मदतीला हात पुढे केला, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने हात मागे घेतला. मग दाबलं. कुणी काढून घेतली असं नको. माझी होती, मी बंद केली.

सोमवारी दारं लागली. मंगळवारी माझ्या फोनवर पहिला प्रश्न आला, मी "सरळ" म्हणाले, आणि मशीनने लिहिलं, धन्यवाद. टाचणीला दोनदा वाचायला लावलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण परवा मी तो पडदा बघितला. जी जी गोष्ट मशीनला शिकवली, तिच्यापुढे कुणी सांगितली त्याचं नाव असतं. बोट ठेवून एकेक मोजली. टाचणीच्या आठ. माझ्या सतरा. सुनेच्या सव्वीस.

सव्वीस!

दोन रात्री नीट झोप नाही. सकाळी जाऊन पाच सांगून आले. त्यातली एक अशी, की एक फर्निचरवाला प्रत्येक चिठ्ठीवर "तातडीने" लिहितो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. ज्या दिवशी तो लिहायला विसरेल, त्या दिवशी समजायचं की माणूस खरंच घाईत आहे, आणि माल आधी पाठवायचा. सून म्हणाली, "हे कुणालाच सुचलं नसतं, आई." मी म्हटलं, "लिही, नावासकट."

बावीस झाल्या. चार आठवल्या की बरोबरी होईल. पण बरोबरी करून मला काय करायचंय? मी पाच आठवतेय.